सल्ला हवा: जिनेव्राच्या चित्रावरून आर्ट जर्नलचं उठावदार पान (पुढून आणि मागूनही)

वहीवेडी

वही ए-५ मापाची, शिवलेली, ३०० जीएसएम कोल्डप्रेस (जाड, किंचित खरबरीत) कागदाची आहे. एकाच पानाच्या पुढच्या बाजूला लिओनार्दो दा विंचीने रंगवलेली जिनेव्रा दे बेंची ही तरुणी आणि मागच्या बाजूला त्या मूळ फळीच्या पाठीवर रंगवलेली लॉरेल, ताड आणि जुनिपरची डहाळी करायची आहे. पुढे पोत हवा, तडे हवेत, सोनं हवं. एक कच्चं पान करून पाहिलं त्यात तीन गोष्टी बिघडल्या. मॉडेलिंग पेस्ट (उठावासाठीचा घट्ट लगदा) वाळल्यावर भेगाळली, पान होडीसारखं वाकलं आणि सोनेरी बेगड दोन आठवड्यांत हिरवट-काळी पडली. पेस्ट घरी केली होती: प्लास्टर ऑफ पॅरिस आणि फेव्हिकॉल, अंदाजाने. कुठे काय बदलू?

गेरूवाला

आधी पोत कुठे द्यायचा ते ठरवा, मग पेस्टकडे वळू. इटलीतल्या पंधराव्या शतकातल्या चित्रफळ्यांवर चेहरा कायम गुळगुळीत असतो. उठाव असतो तो मुकुट, किल्ल्या, घोड्याचा साज, जरीची किनार अशा ठिकाणी. जेन्तिले दा फाब्रियानोचं १४२३ सालचं ‘राजांचं वंदन’ (उफिझी संग्रहालय, फ्लॉरेन्स) बघा, मुकुट आणि घोड्यांचा साज जेसोने (प्लास्टर किंवा खडूपूड आणि सरसाच्या पांढऱ्या लेपाने) उचलून वर सोनं चढवलंय. कार्लो क्रिव्हेल्लीच्या १४७६ च्या वेदीचित्रात (नॅशनल गॅलरी, लंडन) संत पीटरच्या किल्ल्या अक्षरशः हातात येतील अशा आहेत. या कामाला पास्तिल्या म्हणतात. आपल्याकडे ओळखीची उपमा हवी तर तंजावर चित्रं. मराठा राजांच्या काळात बहरलेल्या त्या शैलीतही खडूपूड-डिंकाचा उठाव आणि त्यावर सोन्याचा पत्रा असतो.

जिनेव्रात मात्र सोनं नाहीच. ते १४७४ ते ७८ च्या सुमाराचं, पॉपलरच्या फळीवरचं तैलचित्र आहे. म्हणून सोनं समोरच्या पानावर न्या आणि तिथे क्रिव्हेल्लीच्या किल्ल्या करा. जिनेव्राच्या पानात उठाव फक्त डोक्यामागच्या जुनिपरच्या झुडपाला. झुडूप उगाच नाही, इटालियनमध्ये जुनिपरला जिनेप्रो म्हणतात, ती तिच्या नावावरची कोटी आहे. चेहऱ्यावर पेस्टचा कणही नको. हे एवढं पाळलंत तर पान निम्मं जमलं.

लांबीपट्टी

पेस्टचं सांगतो. पीओपी सोडा. ते पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं, त्यामुळे डब्यातच दहा-पंधरा मिनिटांत गोळा होतो. मग माणूस वरून पाणी घालतो, आणि जास्तीचं पाणी उडालं की भेगा. चेनिनो चेनिनी या इटालियन चित्रकाराने १४०० च्या आसपास जे लिहून ठेवलंय त्यात हेच प्लास्टर महिनाभर पाण्यात ठेवून रोज ढवळायला सांगितलंय, म्हणजे ते ‘मरतं’, परत घट्ट होत नाही आणि लोण्यासारखं मऊ होतं. तो नाद वहीसाठी नको.

त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातली खडूपूड (व्हाइटिंग) मलमलीतून चाळून घ्या.

खडूपूड ४ चमचे
अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम (बिनचकाकीचा पारदर्शक द्रव) २ चमचे
पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग अर्धा चमचा
पाणी थेंबाथेंबाने, एकूण अर्ध्या चमच्याच्या आत

घोटून घट्ट श्रीखंडासारखं झालं पाहिजे. सुरीवरून ओघळलं तर पाणी जास्त. फेव्हिकॉलवर भागेल, पण पान उलटताना तो थर कडक राहतो. मॅट मीडियमचा थर वाकतो. भिंतीची पुट्टी तर अजिबात नको, तिच्यात पांढरं सिमेंट असतं आणि कागद वाकला की खपल्या उडतात.

एका वेळी १ मिमी. त्यावर ७-८ तास थांबा, पावसाळ्यात २४. मग दुसरा थर. हेअर ड्रायरने वाळवलंत तर वरची साय आधी वाळते, आतलं नंतर आकसतं आणि वरचा थर फाटतो. तुमच्या भेगांमागे पीओपीबरोबर हेही असेल.

एकूण उठाव २ मिमीच्या वर नको, वही मिटणार नाही. शिवणीकडची दीड सेंमी पट्टी कोरी ठेवा.

वहीवेडी

ड्रायरच वापरला होता. वाकण्याचं काय?

लांबीपट्टी

कागदाच्या एका बाजूचा थर वाळताना आकसतो आणि कागद त्या बाजूला ओढला जातो. दोन्ही बाजूंना समान ताण द्या: पुढे दोन हात जेसो, मागेही दोन हात, पुढचे आडवे-उभे तसेच मागचे. तुमची मागची बाजू तशीही रंगायची आहे. जेसो पूर्ण वाळला की पान बटर पेपरमध्ये घालून रात्रभर जड पुस्तकांखाली. उठावाचं काम त्यानंतर, कारण पेस्ट लावल्यावर दाबता येत नाही.

उलटलिपी

चेहऱ्यासाठी दोन मार्ग. हात बसलेला असेल तर रंगवा, नाहीतर ट्रान्सफर. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संकेतस्थळावर जिनेव्राचं मोठं चित्र मोफत मिळतं, पुढचं आणि पाठीचंही.

ट्रान्सफरसाठी लेझर प्रिंट किंवा झेरॉक्सच लागते. इंकजेटची शाई ओल्यात पसरते. प्रिंट आरशातल्यासारखी उलटी काढा. चेहऱ्याच्या जागी जेसोचे तीन हात देऊन ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, बोट फिरवल्यावर अंड्याच्या कवचासारखं लागलं पाहिजे. जेल मीडियमचा (त्याच जातीचा घट्ट, चिकट प्रकार) पातळ, एकसारखा थर द्या. प्रिंट पालथी ठेवून जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे हवा काढा. रात्रभर सोडा. सकाळी ओल्या स्पंजने भिजवून बोटाच्या पेराने कागद गोल गोल चोळत उतरवा. एका बैठकीत सगळा लगदा काढायला गेलात तर नाकाचा शेंडा नक्की जातो. अर्धा काढा, वाळू द्या, पांढुरकं राहिलेलं दुसऱ्यांदा. शेवटी उरलेली धूसर साय मॅट मीडियमच्या एका हाताने पारदर्शक होते.

रंगवणार असाल तर रेघा उतरवायला स्पोल्व्हेरो करा, म्हणजे भोकांतून पूड पाडून रेघा उतरवणं, इटलीतले जुने कारागीर तेच करायचे. ट्रेसिंग पेपरवर रेषेने २-३ मिमीवर सुईची भोकं पाडा, मागून पॉलिश पेपरने कडा घासून टाका (नाहीतर भोकं मिटतात), कोळशाची पूड मलमलीच्या पुरचुंडीत बांधून हलके आपटा. पुसू नका, आपटा. रांगोळीचा ठिपक्यांचा कागद ज्यांनी उदबत्तीने भोकं पाडून केलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

कातडीखाली हिरवट मातीचा रंग, टेरे व्हर्टे, पातळ हाताने द्या. टेम्परात (अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगात) काम करणारे चित्रकार गुलाबीच्या आधी तो द्यायचे. जुन्या चित्रांत वरचा गुलाबी विटला की तो हिरवा वर येतो, म्हणून काही मॅडोना (मेरीची चित्रं) आजारी दिसतात.

चपडालाख

बेगडीबद्दल. बाजारात ‘गोल्ड लीफ’ म्हणून मिळतं ते बहुतेक पितळ असतं, तांबं आणि जस्त. हवा आणि हाताचा घाम लागला की काळं-हिरवं पडणारच. दोष तुमचा एवढाच की वरून सील केलं नाही.

क्रिव्हेल्लीच्या किल्ल्यांसाठी क्रम असा. पेस्ट थोडी सैल करून, टूथपेस्टइतकी, मेंदीच्या रिकाम्या कोनात भरा. टोक १ मिमीवर कापा. किल्लीची बाह्यरेषा काढून वाळू द्या, मग आतला भाग भरा. कोन कागदाला टेकवू नका, अर्धा सेंमी वरून धार पडू द्या, म्हणजे रेघ गोल राहते. पेस्ट खडूपूड नीट न चाळता केली असेल तर कोन इथेच तुंबतो. वाळल्यावर ६०० नंबरने हलका हात.

मग गेरू. इटलीत सोन्याखाली लाल चिकणमाती, बोल, असायची. आपला कुंड्यांना लावतात तो गेरू वस्त्रगाळ करून १ चमचा, मॅट मीडियम १ चमचा, पाणी अर्धा. दोन हात. वाळल्यावर सुती कापडाने घासा, मंद चकाकी येते. सोनं विरळ झालेल्या जागी हा लाल डोकावला की पान खरं वाटायला लागतं. पिवळ्या रंगावर बेगड लावली की लग्नपत्रिका दिसते.

पाण्यात मिसळणारा साइझ (बेगड चिकटवायचा गोंद) पातळ लावा. दुधाळ असतो, १५-२० मिनिटांत पारदर्शक होतो. बोटाचं मागचं पेर टेकवा, चिकटून ‘टक्’ करून सुटलं की वेळ आली. आता पंखा बंद. बोटांना टाल्कम पावडर लावा, पत्रा ठेवा, मऊ ब्रशने खाचांत दाबा, सुटे तुकडे झटकून डबीत जमवा. २४ तासांनी सील: १० ग्रॅम चपडी लाख १०० मिली स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून, कपड्यातून गाळून, एक पातळ हात. ब्रश परत परत फिरवला तर खालची लाख पुन्हा विरघळून ओघळ पडतात. खिडकी उघडी ठेवा, गॅस-काडी जवळ नको. शेवटी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) पाण्यात पातळ करून खाचांत चोपडा आणि उंचवट्यावरचं लगेच पुसा.

गेरूवाला

सगळं पटलं, शेवटचा अंबर सोडून. लोक तो इतका चोपडतात की किल्ली गंजलेली दिसते. खाचेत रेघभर पुरे.

आणि तड्यांबद्दल थोडं, वहीवेडी यांनी विचारलंय. लाकूड दमट हवेत आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, रेषेच्या दिशेने फारसं नाही. म्हणून फळीवरच्या चित्राचे तडे साधारण रेषेला धरून, जाळीसारखे असतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल तडे कॅनव्हासला मागून धक्का बसल्यावर पडतात. जिनेव्राच्या पानावर गोल तडे काढलेत तर जाणकाराला खटकेल.

क्रॅकल मीडियमऐवजी (तडे पाडायचा तयार द्रव) डिंक वापरता येतो. गडद अ‍ॅक्रिलिकचा हात पूर्ण वाळवा. १ भाग डिंक २ भाग पाण्यात भिजवून गाळा, ब्रशने उभ्या दिशेने लावा. बोटाला चिकटेल पण येणार नाही अशा अवस्थेत वरचा फिका रंग एकाच फटकाऱ्यात, त्याच दिशेने. तडे ब्रशच्या दिशेने जातात. त्याच जागी दुसऱ्यांदा ब्रश नेला की डिंक वर येऊन चिखल होतो. हे फक्त आकाश आणि पाण्याच्या पट्टीत करा. डिंक दमट हवेत सुटतो, म्हणून वर मॅट व्हार्निशचा फवारा हवाच. ब्रशने व्हार्निश लावलं तर तडे पुसले जातील.

जुनिपरसाठी पॅलेट नाइफची धार पेस्टमध्ये बुडवून कागदावर टेकवायची आणि उचलायची, ओढायची नाही. सुया आपोआप उभ्या राहतात. वर काळपट हिरवा, टोकांवर कोरड्या ब्रशने तपकिरी. मूळ चित्रातही ते झुडूप काळंच दिसतं.

उलटलिपी

मागच्या बाजूवर कुणी बोललंच नाही, आणि खरी मजा तिथे आहे. तिथली पार्श्वभूमी म्हणजे पॉर्फिरी दगडाची रंगवलेली नक्कल, म्हणजे शिंतोड्यांचं काम. बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), थोडा जांभळा, चिमूटभर काळा असा तळ. वाळल्यावर जुन्या टूथब्रशने ३० सेंमीवरून शिंतोडे: आधी काळपट, मग विटकरी, शेवटी फिका गुलाबी. रंग दुधाइतका पातळ. त्याहून पातळ झाला तर थेंब पसरून गोवर आल्यासारखं दिसतं. प्रत्येक रंगानंतर वाळू द्या. डहाळ्यांची जागा आधी मास्किंग टेपने झाकलेली बरी.

डहाळ्यांभोवतीच्या पट्टीवर लॅटिन ब्रीद आहे, ‘विर्तूतेम फोर्मा देकोरात’, सौंदर्य सद्गुणाला शोभा आणतं. इन्फ्रारेड तपासणीत त्याच्याखाली दुसरं ब्रीद सापडलं, ‘विर्तूस एत होनोर’, म्हणजे सद्गुण आणि मान. ते व्हेनिसचा राजदूत बेर्नार्दो बेम्बो याचं. लॉरेल आणि ताड ही त्याचीच खूण. मिश्र माध्यमाच्या पानाला याहून चांगलं काय हवं? खालचं ब्रीद ग्राफाइटने लिहा, त्यावर मॅट मीडियम (नाहीतर ग्राफाइट फासेल), मग फिक्या रंगाचा एक अर्धपारदर्शक हात, आणि वर दुसरं ब्रीद. तिरप्या उजेडात खालचं दिसतं.

जुन्या पद्धतीची शाई करायची असेल तर मायफळ आणि हिराकस, दोन्ही काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. बाळगुटीतलं तेच मायफळ. पण ही शाई आम्लधर्मी असते आणि वर्षानुवर्षं कागद खाते. शिवलेल्या वहीत तर शेजारचं पानही जाईल. सेपिया रंगाची पिगमेंट शाई वापरा.

वहीवेडी

सगळ्यांचे आभार. वही मिटल्यावर पानं एकमेकांना चिकटतील ना? आणि घर रत्नागिरीला आहे.

चपडालाख

चिकटतात. अ‍ॅक्रिलिक मऊच राहतं, दाब आणि दमट हवा मिळाली की दोन थर एकजीव होतात आणि पान उघडताना सोनं समोरच्या चेहऱ्यावर येतं. दोन आठवडे वही उघडी ठेवून वाळवा. मग मेणाचं रंगहीन पॉलिश कापडाने अगदी थोडं चोळा. सोन्यावर नको, तिथे लाख पुरेशी आहे. प्रत्येक उठावदार पानावर सिलिकॉनचा बेकिंग पेपर ठेवा. किराणा दुकानातला पातळ बटर पेपर दमट हवेत चिकटतो. साइझचं काम जून ते सप्टेंबर करू नका, वीस मिनिटांचा साइझ तिथे तासभर दुधाळ राहील आणि तुम्ही कंटाळून पत्रा टेकवाल.

लांबीपट्टी

आणि वही उभी ठेवा. आडवी ठेवून वर दुसऱ्या वह्या रचल्या की किल्ल्यांचे ठसे जिनेव्राच्या गालावर उमटतात.