ब्लोअर फक्त चारवर चालतो, नवा रेझिस्टरही गेला – मदत हवी आहे

मंडळी, गाडीच्या हीटरच्या पंख्याने वैताग आणलाय. साधा चार स्पीडचा नॉब आहे, ऑटोमॅटिक काही नाही. एक, दोन, तीनवर ढिम्म. चारवर मात्र वादळ. चारवर करंट रेझिस्टरला (खालच्या स्पीडला करंट कमी करणारा भाग) वगळून थेट मोटरला जातो, म्हणजे रेझिस्टरच गेला असणार असं ताडून दोन महिन्यांपूर्वी नवा बसवला. आता तोही गेला.

काल ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि डोकं खाली, पाय सीटवर अशा अवतारात तो पुन्हा काढला. स्प्रिंगसारख्या तिन्ही तारा शाबूत आहेत, पण थर्मल फ्यूजवर (जास्त तापलं की करंट तोडणारा) मल्टिमीटर चिडीचूप, म्हणजे तो उडालाय. कनेक्टरची एक पिन काळी पडलीय, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलंय. मागच्या वेळीच ते पिवळट दिसलं होतं, पण चालतंय ना, म्हणून तसंच खोचलं. कबूल, चूक माझी.

मोटर हाताने फिरवली तर सोडल्याबरोबर थांबते. सकाळी थंडीत किरकिरतेही. केबिन फिल्टर शेवटचा कधी बदलला, आठवत नाही.

तिसरा रेझिस्टर आणू की आधी मोटर बदलू? एकाने थर्मल फ्यूजच्या जागी सरळ वायर जोडायला सांगितलंय, ते काही पटत नाही.

प्रतिसाद:
वायर अजिबात जोडू नका! रेझिस्टर पंख्याच्याच हवेने थंड राहतो, म्हणून तो हवेच्या वाटेत बसवलेला असतो. हवा कोंडली की तो लाल होतो, आणि तेव्हा वाचवणारा तो फ्यूजच. तुमची मोटर जड झालीय. ती अँपिअर जास्त ओढते आणि हवा कमी ढकलते. रेझिस्टरला दोन्हीकडून मार. मोटर काढून तिच्यावरच्या पंख्याच्या पिंजऱ्यात कचरा आहे का बघा. साफ करूनही जड फिरली तर बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ते) गेले समजा, मोटर बदला. जळका कनेक्टर ठेवलात तर नवा रेझिस्टरही टिकणार नाही. वायरच्या शेपटीसकट नवा घ्या आणि नीट क्रिंप करा (धातूची नळी दाबून वायर जोडा), नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका. फिल्टर तर बदलाच.

धागाकर्ता:
मोटर काढली. पिंजऱ्यातून मूठभर वाळकी पानं आणि कुठल्याशा उंदराने कुरतडलेला फिल्टरचा तुकडा निघाला. साफ केली, तरी जडच. मोटर, कनेक्टर, रेझिस्टर, फिल्टर सगळंच आणतोय. काढलेल्या तीन स्क्रूंपैकी एक डॅशबोर्डच्या पोटात गेलाय, तो चुंबकाने निघेल का?