सिवाची वाट

दादा: कैरोहून सिवाला, म्हणजे इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या मरूद्यानाला जायचंय. नकाशात बहारिया मरूद्यानावरून सरळ रस्ता दिसतोय, बहारियापासून पुढे साधारण 400 किलोमीटर. तोच धरू का?

मामा: नको रे. लष्कराच्या परवानगीशिवाय परदेशी माणसाला तिथून सोडत नाहीत, आणि वाटेत वस्ती नाही. लिबियाची हद्द सिवापासून जेमतेम 50 किलोमीटरवर आहे, म्हणून एवढी कडक तपासणी. समुद्रकाठच्या मर्सा मतरूह शहरावरून जा. साडेसातशेच्या घरात पडेल, पण सलग डांबरी आहे.

ताई: मतरूहहून पुढचे 300 किलोमीटर नुसतं सपाट वाळवंट. टाकी मतरूहलाच काठोकाठ भर. बसने गेलात तर कैरोहून दहा-बारा तास धरा. पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत टाकू नका, चौक्यांवर मध्यरात्रीसुद्धा मागतात. चार-पाच झेरॉक्सही जवळ ठेवा.

दादा: आणि सिवाजवळच्या वाळूच्या समुद्रात, म्हणजे त्या मोठ्या वाळूच्या टेकड्यांत गाडी?

मामा: त्याची परवानगी वेगळी, ती सिवात मिळते, आणि वाटाड्या हवाच. टायरची हवा 15 ते 18 पीएसआयपर्यंत उतरवायची, म्हणजे टायर पसरतो आणि वजन वाटलं जातं. डांबरावर परत आलात की आधी हवा भरा. कमी हवेत वेगाने पळवलं तर टायरच्या भिंती तापून फुटतात. हे लोक विसरतात बघ.

मामा: गाडी रुतली तर रेस करू नका, चाक आणखी खोल जातं. चाकापुढची वाळू फावड्याने काढा, फळी सरकवा, हळूच पहिला गिअर. थांबायचं तर उतारावर, तोंड खाली करून.

ताई: वाळूच्या टेकडीचा माथा दुपारी ओलांडू नका. ऊन डोक्यावर असलं की सावली पडत नाही, पलीकडचा कडा दिसतच नाही. सकाळी किंवा चारनंतर. पाणी माणशी दिवसाला किमान 5 लिटर, वर एका दिवसाचं जास्तीचं.

मावशी: मार्च ते मे खमसीनचा, म्हणजे वाळवंटातला गरम वारा, धुळीने रस्ता दिसेनासा होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. रात्री कडाक्याची थंडी असते, स्वेटर घ्याच. सिवातल्या मिठाच्या तळ्यात उतरताना पायात चपला हव्यात, काठावरचे खडे कापतात. जखम असेल तर उतरूच नका. नंतर गोड्या झऱ्यात अंग धुवा. बायकांनी झऱ्यात अंगभर कपडे घालावेत, गाव जुन्या वळणाचं आहे.

दादा: मावशी, सिवातला शाली किल्ला, म्हणजे जुनं तटबंदीचं गाव, चढायला अवघड आहे का?

मावशी: चढ आहे, पण पायवाट नीट आहे. भिंतींना टेकू मात्र नका. त्या करशेफच्या, म्हणजे मीठ आणि चिखलाच्या. 1926 च्या पावसात मीठ विरघळून अर्धं गाव कोसळलं. अजून काही भाग सैल आहे.

ताई: रोख पैसे मतरूहलाच काढून घे दादा, सिवातल्या एटीएमच्या भरवशावर राहू नकोस.