नर्सांवरचं नाटक संपल्यावर प्रेक्षकांना बोलतं करायलाच हवं का?

खाडीकाठ: परवा कुडाळात कोविडमधल्या नर्सांवरची एकांकिका पाहिली. एक प्रसंग डोक्यातून जात नाही. किटमध्ये सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून दोघी मार्करने एकमेकींच्या पाठीवर नावं लिहीत असतात. लिहिता लिहिता एकीचा हात थांबतो. संवाद नाही, संगीत नाही.

पडदा पडला, लगेच दिवे, आणि समुपदेशक मॅडम माइक घेऊन हजर. 'कोणाला काय वाटलं?' पुढच्या रांगेतले काका दहा मिनिटं स्वतःच्या ऑक्सिजनचे आकडे सांगत बसले. त्या थांबलेल्या हाताची पार माती झाली. मन हलकं व्हायचं तर ते घरी जाताना गाडीवर होईल की. हे सेशन कशाला?

माडाखाली: अजिबात पटलं नाही. मी २०२० मध्ये वॉर्डात होते. सहा-सहा तास पाणी नाही, लघवी नाही. हातमोजे काढले की बोटं सुरकुतलेली. घरी मागीलदारी अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही, तरी वाडीत कुजबुज की हीच आजार आणणार. २२ मार्चला थाळ्या वाजवल्या तीच ही माणसं! काकांचा कंटाळा आला म्हणता, ते कदाचित पहिल्यांदाच बोलले असतील. आणि मॅडमनी टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर दिला, तो कोणीतरी टिपून घेतला असेलच ना?

संकासुर: माका ह्यां पटणा नाय. दशावतारात काय करतत? रात्रभर खेळ, फाटफटी हंडी फुटता, हातावर कालो घेवन लोक घराक जातत. कोण माइक घेवन इचारूक येणा नाय.

खाडीकाठ: तेच म्हणतोय मी! बाहेर चहा ठेवा, ज्याला बोलायचंय तो बोलेल. नंबर तिकिटामागे छापा.

घाटावरून: माझा आक्षेप वेगळाच. रंगमंचावर नर्स म्हणजे देवी. कोविडपुरत्या कंत्राटावर घेतलेल्या मुली लाट ओसरल्यावर घरी बसल्या, त्यावर एक वाक्य तरी होतं का?

खाडीकाठ: नव्हतं. हे मान्य.

माडाखाली: चहाच्या टेबलापाशी आमच्यासारख्या बोलत नाहीत हो, कप उचलतात नि निघतात. आणि त्या मार्करबद्दल. आम्ही नाव पाठीवर नाही, छातीवर लिहायचो, पडलेल्या पेशंटला वाचता यावं म्हणून. हे सांगायलाच मी हात वर केला होता. माइक तेव्हा काकांकडे होता.