मदत हवी आहे : रीड() आकडा अर्धाच वाचतंय, आणि लाईट गेली की फाईलच्या शेवटच्या ओळी गायब

पेढीवरचा_मुलगा (सांगली)
तातडीचं आहे. उद्या सकाळी सौदे निघायच्या आत हे चालू व्हायला हवं.
लिनक्सवर सीमध्ये प्रोग्राम लिहिलाय. रीड() नं हळदीच्या पोत्याच्या वजनाचा आकडा वाचायचा, स्क्रीनवर दाखवायचा, फाईलमध्ये एक ओळ टाकायची, एवढंच. घरी चार दिवस चालवला, एक चूक नाही. पेढीवर आणला आणि बिघडला. आकडा कधी बरोबर येतो, कधी भलताच. आज ५२.४० यायला हवं होतं तिथं आधी ५२.८५ आलं आणि त्याच्या खाली ५४०. दुसरं म्हणजे दुपारी लाईट गेली. परत मशीन लावलं तर फाईलमध्ये शेवटची ऐंशी-नव्वद पोती नाहीत. स्क्रीनवर मी स्वतः बघितली होती. कंपायलर एकही वॉर्निंग देत नाही. रीड() मध्येच बग आहे का? फोनवरून टंकतोय, कोड लागला तर देवनागरीतच देईन. लवकर सांगा.

पायथन_पाईक
सीच्या नादाला कशाला लागलाय? पायथनमध्ये चार ओळींत होतं. मी आमच्या दुकानाचा सगळा स्टॉक पायथनवर चालवतो, दोन वर्षं झाली. आज रात्रीत होऊन जाईल, व्यक्तिगत निरोप पाठवा.

जुना_युनिक्सवाला
भाषा बदलून हा रोग जायचा नाही. धागाकर्त्या, आधी हे सांग : वाचतोयस कशातून? रीड() किती परत देतंय? कोड दाखव.

पेढीवरचा_मुलगा
काका, फाईलच वाचतोय. ओपन() ला काही एरर नाही. वाचायचा भाग एवढाच आहे :
एन = रीड(एफडी, बफर, ६४);
प्रिंटएफ("%एस\एन", बफर);
यात चुकायला आहे काय? आणि पायथन नको, मशीन जुनं आहे आणि मला सीच शिकायचंय.

विटेकर_ताई
ओपन() ला ओ_क्रिएट (फाईल नसेल तर नवीन बनव) दिलं असेल तर तिसरा आर्ग्युमेंट दिलाय का? बरेच जण विसरतात. कंपायलर काही बोलत नाही, कारण ओपन() ला दोनही चालतात आणि तीनही. मग परवानग्यांच्या जागी स्टॅकवर पडलेला कुठला तरी कचरा उचलला जातो आणि दुसऱ्या दिवशी आपलीच फाईल आपल्याला उघडत नाही. ०६४४ द्या, आणि पुढचं शून्य विसरू नका, आकडा अष्टमान आहे. क्रिएट() नावाचा वेगळा कॉलही आहे, त्याच्या इंग्रजी स्पेलिंगात शेवटचा ई नाही. युनिक्स पुन्हा लिहायला मिळालं तर काय बदलाल, असं युनिक्स लिहिणाऱ्या केन थॉम्प्सनना विचारलं तेव्हा त्यांनी तो ई घालीन असं सांगितलं होतं.

जुना_युनिक्सवाला
ताई, मुद्दा बरोबर आहे, पण त्याची फाईल उघडतेय. त्याचं दुखणं वेगळं आहे. पोरा, तुझ्या फाईलचं नाव /डेव्ह/ नं सुरू होतंय का?

पेढीवरचा_मुलगा
हो. /डेव्ह/टीटीवाययूएसबी०. वजनकाट्याची केबल आहे, यूएसबीवरून येते. घरी काटा नव्हता म्हणून साध्या टेक्स्ट फाईलवर तपासलं होतं. पोर्टची सेटिंग नेटवरून घेतली, ९६०० ठेवलंय आणि सीएफमेकरॉ() मारलंय. हे सांगायला हवं होतं का? युनिक्समध्ये सगळ्या फाईलीच असतात ना?

जुना_युनिक्सवाला
हेच पहिल्या ओळीत हवं होतं. सगळ्या फाईली आहेत हे खरं, पण डिस्कवरची फाईल आणि तार यांचं वागणं एक नाही.
रीड(एफडी, बफर, ६४) याचा अर्थ "६४ बाइट आण" असा नाही. "६४ पर्यंत, आत्ता हाताशी असतील तेवढे आण" असा आहे. डिस्कवरची फाईल असेल तर शेवट येईपर्यंत सहसा पुरे मिळतात, म्हणून घरी सगळं गोड लागलं. तारेवर तसं नाही. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, एका अक्षराचे १० बिट धरले तर सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे एका अक्षराला मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ. तुझ्या मशीनला तो वेळ भरपूर आहे. त्यात सीएफमेकरॉ() मुळे पोर्ट कच्च्या मोडमध्ये गेलंय : एक जरी बाइट आला तरी रीड() परत येणार. यूएसबीचा अडॅप्टर त्याला वाटेल तिथं तुकडा पाडतो.
आता तुझे आकडे. आधीचं पोतं ५१.८५ होतं का बघ. ते बफरमध्ये, म्हणजे वाचलेलं तात्पुरतं ठेवायच्या जागेत, पडून होतं. नवीन वजनाचे "५२" एवढेच दोन बाइट आले आणि जुन्याच्या डोक्यावर बसले. रीड() शेवटी शून्य लावत नाही, त्यामुळे प्रिंटएफ पुढचं जुनं ".८५" पण छापून मोकळं झालं. झालं ५२.८५. मग ".४०" आणि कॅरेज रिटर्न आले, तेही परत सुरुवातीपासून बसले. त्यांच्या मागं जुना ५ शिल्लक होता. स्क्रीननं ".४०" छापलं, कॅरेज रिटर्ननं कर्सर ओळीच्या सुरुवातीला गेला आणि तो ५ टिंबावर बसला. तेच तुझं ५४०.
रीड() नं एन मध्ये किती बाइट दिले ते सांगितलं होतं. तू विचारलंच नाहीस.

पेढीवरचा_मुलगा
आधीचं पोतं ५१.८५ च होतं. वहीत आहे. काका, कमाल आहे!

एम्बेडेड_मिरज
एवढं व्याख्यान कशाला? रीड() च्या आधी यूस्लीप(२००००) टाक. वीस मिलिसेकंदात अख्खा आकडा येतो. आम्ही साखर कारखान्याच्या काट्यांवर हेच करतो, वर्षानुवर्षं चाललंय.

विटेकर_ताई
दादा, हे चुकीचं सांगताय. झोप संपली तेव्हा तारेवर काहीच नसेल तर रीड() तिथंच वाट बघत बसणार, पहिला बाइट आला की उठणार आणि एकच बाइट घेऊन येणार. झोपेचा उपयोग शून्य. तुमच्याकडं काटा सतत आकडे ओकत असेल म्हणून निभावतंय.

एम्बेडेड_मिरज
मग व्हीमिनमध्ये (किमान किती बाइट आल्यावर रीड() नं परत यायचं ती सेटिंग) एका आकड्याची लांबी ठेवा. सहा अक्षरं येत असतील तर सहा.

विटेकर_ताई
एक बाइट हरवला की तिथून पुढं प्रत्येक आकडा एकानं सरकलेला येणार, कायमचा. ओळ संपल्याची खूण ओळखून तोडणं हाच मार्ग.

वाळव्याचा_शेतकरी
मला यातलं प्रोग्रामिंग कळत नाही, पण माझी हळद याच पेठेत येते म्हणून विचारतो. ५२.४० चं ५२.८५ छापलं तर बघणाऱ्याला संशय तरी येणार का? ५४० आलं तर हमालसुद्धा ओरडेल. क्विंटलला पंधरा हजार धरले तर ४५० ग्रॅमचे साडेसदुसष्ट रुपये झाले, एका पोत्यामागं. या वेळी शेतकऱ्याच्या बाजूनं चुकलं, पुढच्या वेळी उलटं चुकेल. या आकड्यावर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांचे हिशेब, निघाल्यात का?

पेढीवरचा_मुलगा
नाही काका. पट्टी तोलाईदाराच्या वहीवरूनच निघते. माझा प्रोग्राम नुसता शेजारी चालू आहे. वहीशी आठ दिवस एकेक पोतं जुळल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही, असं आमच्या काकांनी बजावलंय. बारदानाची वजावटही अजून हातानंच होते.

वाळव्याचा_शेतकरी
मग बरं. आठ दिवसांचे पंधरा करा.

जुना_युनिक्सवाला
पोरा, आता काम. प्रोग्राम बंद कर, टर्मिनलवर ओडी -सी (आलेला एकेक बाइट दाखवणारी कमांड) लाव त्या पोर्टावर, आणि काट्यावर काहीतरी ठेव. ओळीच्या शेवटी काय येतंय ते सांग.

पेढीवरचा_मुलगा
आकडा आणि मागं \आर. \एन (नवीन ओळीची खूण) दिसत नाही.

जुना_युनिक्सवाला
छान. म्हणजे नुसता कॅरेज रिटर्न. सीएफमेकरॉ() राहू दे, पण त्याच्यानंतर सी_एलफ्लॅगमध्ये आयकॅनॉन परत लाव आणि सी_आयफ्लॅगमध्ये आयसीआरएनएल. मग टीसीसेटॅटर(), म्हणजे सेटिंग पोर्टला लागू होईल. आयसीआरएनएल \आर चं \एन करतं, आणि आयकॅनॉन असलं की पूर्ण ओळ आल्याशिवाय कर्नल (लिनक्सचा गाभा) रीड() ला सोडतच नाही. ओळ जुळवायचं काम आपण करायची गरज नाही. एको मात्र बंदच ठेव, नाहीतर काट्याचे आकडे काट्यालाच परत जातील. रीड() ला ६४ नाही, ६३ सांग. एन शून्याहून मोठा असेल तरच बफर[एन] = ० कर आणि पुढं जा. सुरू केल्यावरची पहिली ओळ टाकून दे, ती अर्धी असू शकते.
दुसऱ्या अडचणीसाठी सांग : फाईलमध्ये लिहितोस कशानं? आणि लाईट गेल्यानंतर उरलेल्या फाईलचा आकार किती?

पेढीवरचा_मुलगा
वजन चालू झालं!! तीस वेळा ठेवून-काढून बघितलं, तीसही बरोबर.
लिहायला एफओपन आणि एफप्रिंटएफ. रोज नवीन फाईल. एक ओळ ४० अक्षरांची. आकार १२२८८. शेवटची ओळ मधेच तुटलीय.

विटेकर_ताई
१२२८८ म्हणजे ४०९६ गुणिले तीन. इथंच उत्तर आहे. एफप्रिंटएफ थेट फाईलमध्ये लिहीत नाही, प्रोग्रामच्या पोटातल्या ४०९६ बाइटच्या बफरमध्ये साठवतं. तो भरला की एकदम ओततं, मग ओळ मधे तुटली तरी त्याला फिकीर नाही. ४०९६ भागिले ४० म्हणजे शंभरेक ओळी. तुमची ऐंशी-नव्वद पोती तिथं होती. स्क्रीनवर दिसली कारण टर्मिनलसाठी दर ओळीला ओतलं जातं, फाईलसाठी नाही.

पेढीवरचा_मुलगा
म्हणजे एफफ्लश() टाकलं की झालं?

जुना_युनिक्सवाला
अर्धं झालं. एफफ्लश() नं ओळ प्रोग्राममधून कर्नलच्या ताब्यात जाते. प्रोग्राम कोसळला तर ती वाचेल. लाईट गेली तर वाचेलच असं नाही, कारण कर्नलही ती मेमरीत धरून ठेवतो आणि सवडीनं डिस्कवर टाकतो. सहसा ३० सेकंद जुनी झाल्यावर. साधं राईट() वापरलं असतंस तरी हेच, राईट() "झालं" म्हणतं ते डिस्कबद्दल नव्हे. म्हणून एफफ्लश(फा), आणि लगेच एफसिंक(फाईलनो(फा)), ते कर्नलला डिस्कवर टाकायलाच लावतं. याच क्रमानं. उलटं केलंस तर रिकामं एफसिंक होईल.

एम्बेडेड_मिरज
दर ओळीला एफसिंक? डिस्क रडेल. आमच्याकडं असं केल्यावर सगळी सिस्टिम कासव झाली होती. यूपीएस घ्या आणि मोकळे व्हा.

विटेकर_ताई
सेकंदाला हजार नोंदी असतील तर पटेल. इथं पोतं चढायला-उतरायला किती वेळ लागतो?

पेढीवरचा_मुलगा
अर्धं मिनिट तरी.

विटेकर_ताई
मग जुन्या हार्ड डिस्कलाही ते जाणवणार नाही. आणि दादा, यूपीएसची बॅटरी ज्या दिवशी बसते त्याच दिवशी ती बसल्याचं कळतं. यूपीएस घ्यावाच, पण एफसिंकच्या ऐवजी नाही.

गावभाग_सांगली
लाईटचं झालं, पुराचं काय? २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचं कॉम्प्युटर तळमजल्यावर होतं. डिस्कवर नीट लिहिलेलं होतं सगळं, डिस्कच गाळात गेली. संध्याकाळी पेनड्राईव्हवर कॉपी घेऊन घरी नेत जा. हरिपूरच्या पेवांचंच (हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांचंच) बघा, पिढ्यान्‌पिढ्या हळद राखली त्यांनी, आणि २००५ च्या पुरानं किती गेली.

पायथन_पाईक
क्लाऊडवर ठेवा ना. पायथनमध्ये त्याची लायब्ररी आहे.

वाळव्याचा_शेतकरी
पेवातल्या हळदीचा रंग गोदामातल्या हळदीला येत नाही. आमचे आजोबा हरिपूरला ठेवायचे.

पेढीवरचा_मुलगा
कॉपी रोज नेईन, पटलं.
एफफ्लश, एफसिंक दोन्ही टाकलं. वीस पोत्यांचं वजन केलं आणि मुद्दाम मेन स्विच पाडला. परत लावलं, वीसच्या वीस ओळी आहेत, शेवटची पण पूर्ण. अजून दोनदा केलं, दोन्ही वेळा पूर्ण. काका आणि ताई, तुमचे फार उपकार झाले. मी उगाच रीड() वर संशय घेत बसलो होतो.

जुना_युनिक्सवाला
मेन स्विच पाडून तपासलंस हे फार चांगलं केलंस. एक राहिलं. रीड() चं उत्तर बघायला शिकलास, तसं एफफ्लश() आणि एफसिंक() चंही बघ. डिस्क भरली तर ते उणे देतात, आणि तू बघितलं नाहीस तर स्क्रीनवर वजनं दिसत राहतील, फाईलमध्ये काही नाही. उणे आलं की मोठ्यांदा बीप वाजव, म्हणजे तोलाईदार थांबेल.

पेढीवरचा_मुलगा
आत्ताच घालतो. बीपला \ए चालेल ना? पेढीवर आवाज फार असतो.

एम्बेडेड_मिरज
\ए ऐकू येणार नाही तिथं. आमच्याकडं जुना हूटर पडलाय, मिरजेला ये आणि घेऊन जा. जोडायचा कसा ते दाखवतो.