मदत हवी आहे: ऑपरेशननंतर वजन नेमकं कुठे थांबवायचं?

ओंजळ

बरेच महिने नुसतं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४१, उंची १५८ सेंमी. १४ महिन्यांपूर्वी स्लीव्ह झालं, म्हणजे वजन उतरवायला जठराचा मोठा भाग काढतात ते ऑपरेशन. तेव्हा ११८ किलो होते, आज ७९. मधुमेहाची गोळी बंद झाली, रक्तदाबाची निम्म्यावर आली, आणि बुटाची नाडी मधे दम न खाता एका दमात बांधता येते. तेव्हा तक्रार करायला तोंड नाही, हे मलाही कळतंय.

तरी करते. गेले साडेतीन महिने काटा ७८ आणि ८० च्या मधे झुलतोय. पहिल्या भेटीत दवाखान्यातल्या एका तक्त्यावर माझ्या उंचीसमोरच्या ६२ या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला होता. इथे पोचायचंच आहे, असं कुणी म्हटलं नव्हतं. पण मी तो आकडा उचलून घरी आणला तो आणलाच.

रोज सकाळी काय करते ते सांगते. कानातले काढून ठेवते, काट्यावर चढते. ७९.२. उतरते, काटा शेजारच्या फरशीवर सरकवते, परत चढते. ७८.९. हा आकडा वहीत जातो, पहिला जात नाही. मग पाणी प्यायचं टाळते, म्हणजे तासाभराने आणखी एकदा बघता येईल. लिहिताना लाज वाटतेय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच मिळतील.

गेल्या महिन्यात ७०० कॅलरीवर उतरले. बारा दिवसांत दीड किलो गेलं. तेराव्या दिवशी खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, टेबल धरलं म्हणून पडले नाही. नेहमीसारखं खायला लागल्यावर चार दिवसांत ते दीड किलो परत हजर. केसही अजून गळतायत.

आई म्हणते आता पुरे, चेहरा उतरलाय. जाऊबाई भेटल्या की विचारतात, "अजून किती राहिलंय?" नवरा काहीच बोलत नाही, शहाणा आहे.

तर जाणकारांनी सांगावं, तुम्ही आपला आकडा कसा ठरवलात? आणि ठरल्यावर तिथे टिकलात कसे? सगळं वजन परत येईल या भीतीने मी ६२ चा हट्ट धरून बसलेय, असंही मधूनच वाटतं.

वाटसरू

ताई, माझं बायपास, म्हणजे हृदयाचं नव्हे, वजनासाठी जठराचं करतात ते. सहा वर्षं झाली. १३६ वर ऑपरेशन, सतराव्या महिन्यात ७४, आज ८१.

७४ वर मी चार महिने होतो. त्या चार महिन्यांत कुणाच्या घरी जेवलो नाही, घास मोजायचो, संध्याकाळी घरच्यांवर खेकसायचो. मग हळूहळू ८० पर्यंत आलो आणि तिथे वजन आपणहून थांबलं. पहिलं वर्षभर मी याला अपयश म्हणायचो. नंतर लक्षात आलं की ७४ टिकवायला मला दिवसभर राबावं लागत होतं, ८१ ला नीट जेवून, झोपून, चालून राहता येतं. म्हणून माझा आकडा ८१. तोही एक आकडा नाहीच, ७९ ते ८३. ८४ दिसलं की डाएटिशियनला फोन, हे आधीच ठरवून ठेवलंय.

नुसतं_वाचतो

७९ म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३१ च्या वर. अजूनही लठ्ठच. थांबायचा प्रश्न येतोच कुठे?

आकडेमोड

वरच्यांनी भागाकार बरोबर केलाय, बाकीचं गणित राहिलं. ते मी करतो.

तक्त्यात सामान्य वजनाची वरची हद्द बीएमआय २५ धरतात, १५८ सेंमीला ती येते ६२.४ किलो. तुमचा पेन्सिलीचा गोल इथून आला. तुमची तब्येत बघून कुणी तो काढलेला नाही, उंचीच्या वर्गाला २५ ने गुणलंय. आता तुमचं 'जास्तीचं' वजन होतं ११८ वजा ६२.४, म्हणजे ५५.६ किलो. त्यातले ३९ गेले, म्हणजे ७० टक्के. एकूण वजनाच्या हिशोबाने ३३ टक्के.

हे कमी की जास्त? स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. त्यात गॅस्ट्रिक बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर होती. तुमचं ऑपरेशन वेगळं, तरी तुम्ही त्यांच्या तळाच्याही थोड्या खाली आहात. आणि तळ गाठल्यावर थोडं वर येणं ही तिथली सरासरी चाल होती, ते काही एखाद्याच्या आळसामुळे झालं नव्हतं.

अवांतर: वजन भागिले उंचीचा वर्ग हे सूत्र बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाचं, १८३० च्या दशकातलं. त्याला लोकसंख्येतला सरासरी माणूस शोधायचा होता. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये मिळालं. गर्दी मोजायला हे सूत्र चांगलं आहे. एका बाईने कुठे थांबावं, हे ते कसं सांगणार?

किरमिजी

मी याच क्षेत्रात आहारतज्ज्ञ आहे. तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, तेव्हा हे तुमच्या टीमच्या सल्ल्याऐवजी धरू नका.

ओंजळताई, मला ६२ पेक्षा ती अंधारी जास्त महत्त्वाची वाटते. रक्तदाबाची गोळी शेवटची कधी बदलली? वजन उतरत गेलं की तोच डोस जास्त होऊ शकतो, आणि त्यात तुम्ही खाणं तोडलंत, पाणी लांबवलंत. बसून आणि उठून उभं राहिल्यावर असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

दुसरं, बारा दिवसांतलं ते दीड किलो. खाणं एकदम तोडलं की शरीरातला साखरेचा साठा आणि त्याला धरून असलेलं पाणी आधी जातं. चार दिवसांत परत आलं ते बरंचसं हेच. चरबी चार दिवसांत एवढी वाढत नाही. पण असं वारंवार केलं तर स्नायू मात्र खरेच जातात, आणि वजन टिकवायला तेच तर हवेत. दिवसाला निदान ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जातायत का? ताटातला पहिला घास त्यांचाच असू द्या. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं किंवा रबरी पट्टा घेऊन व्यायाम करा, नुसतं चालणं पुरत नाही.

केसगळती साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात सुरू होऊन पुढे थांबते. चौदाव्या महिन्यातही चालू असेल तर लोह, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व तपासायलाच हवं. मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियम चालू आहे ना?

आणि नुसतं_वाचतो, तुमचा आकडा चूक नाही, प्रश्न चूक आहे. साखर, रक्तदाब, झोपेतला श्वास, गुडघे यांतलं काही अजून छळत असेल तर पुढे जायचं कारण आहे, आणि त्यासाठी औषधांसकट इतर उपाय आहेत, डॉक्टरांशी बोलून करायचे. ७०० कॅलरी त्यात येत नाही. शिवाय सैल पडलेली कातडीही काट्यावर चढते, ती कुठल्या तक्त्यात वजा होत नाही.

सांजवारा

स्लीव्हला साडेतीन वर्षं. टिकवण्याबद्दल एवढंच, कारण मी इथेच घसरले.

पहिलं वर्ष भूक लागत नाही. जठराचा जो भाग काढतात तिथेच भुकेचं संप्रेरक जास्त तयार होतं. दीड वर्षाच्या सुमाराला माझी भूक परतली आणि मी घाबरले, वाटलं उरलेल्या जठराची पिशवी ताणली. सर्जन म्हणाले, भूक येणारच होती.

घात केला तो बिस्किटांनी. घट्ट, चावून खायचं अन्न चार घासांत पोट भरतं. बिस्किट चहाबरोबर विरघळून सरळ खाली उतरतं, जागाच अडवत नाही. दोन सकाळी, दोन अकराला, दोन चारला. 'जेवण' माझं कणभर, तरी वर्षात सहा किलो चढले. जेवताना आणि नंतर अर्धा तास काही प्यायचं नाही, हा नियमही मी तेव्हा सोडला होता. दोन्ही परत धरल्यावर चार किलो उतरले, दोन राहिले. राहू देत.

काटा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी. रोजचा किलो-दीड किलोचा फरक पाण्याचा, मिठाचा, पोट साफ होण्या-न होण्याचा असतो. आणि ताई, फरशी बदलू नका हो. मी गालिच्यावर ठेवून बघायचे.

ओंजळ

गालिचा! म्हणजे मी एकटी नाही.

किरमिजीताई, खरं सांगते. दहाव्या महिन्यात मल्टिव्हिटॅमिनची बाटली संपली, त्याआधीचे रिपोर्ट चांगले होते, म्हणून नवी आणलीच नाही. कॅल्शियम आठवेल तेव्हा. प्रथिनं काल प्रामाणिकपणे मोजली, ३८ ग्रॅम भरली. रक्तदाब बसून ११०, उभं राहिल्यावर ९२.

किरमिजी

म्हणजे वरचा आकडा १८ ने पडला आणि अंधारीही येते. आजच फोन करा. भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नका.

ओंजळ

केला. त्यांनी डोस आणखी कमी केलाय, आठवडाभर दोन वेळा मोजून कळवायचं आहे. रक्ताच्या तपासण्या परवा. गोळ्यांच्या बाटल्या टूथब्रशशेजारी ठेवल्यात.

सर्जनना सरळच विचारलं, माझ्यासाठी किती? ते म्हणाले, साखर ताब्यात, गुडघे शांत, आणखी दोन-चार किलो गेले तर जाऊ देत, पण त्यांच्या मागे लागू नका. ६२ चं विचारलं तर म्हणाले, हा गोल मी काढलेला नाही. फाइल बघितली. गोल माझाच असणार, पेन्सिल पर्समधली.

वाटसरूदादांसारखं लिहून ठेवलंय: ७६ ते ८०, आणि ८२ ला फोन. जाऊबाईंना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

एकच राहिलं. काटा आठवड्यातून एकदा, तो वार कुठला धरू? रविवारी वेळ असतो.

सांजवारा

रविवार नको, आदल्या दिवशीचं बाहेरचं खाणं बोलतं. मी बुधवार धरलाय. बाकी सहा दिवस काटा कपाटावर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही अशा जागी.