जुना कातडी बँडोलियर: पांढरा थर, हिरवा कळक, विटकरी भुकटी. तेल लावावं का?

नारायणपेठी
जुन्या बाजारात ब्रिटिश लष्कराच्या १९०३ पॅटर्नचा पाच कप्प्यांचा कातडी बँडोलियर, म्हणजे काडतुसांचा खांद्यावरचा पट्टा, मिळालाय. झाकणांवर पांढरट थर आहे, पितळी बटणांभोवती हिरवा मेणचट कळक साचलाय आणि कप्प्यांच्या कडांना हात लावला की विटकरी भुकटी बोटाला लागते. विकणारा म्हणाला, खोबरेल चोळा, चकाकेल. चोळू का? आणि माल अस्सल आहे हे कशावरून ठरवायचं?

टाका_दोरा
खोबरेल अजिबात नको. २४ अंशांच्या आसपास ते थिजतं, म्हणजे पुण्याच्या थंडीत कातड्याच्या छिद्रांत पांढरं बसणार. नीट्सफूट तेलाचंही (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं) रडगाणंच: कातडं काळवंडतं आणि जादा तेल टाक्यांतून पाझरत राहतं.

आधी ते पांढरं काय आहे ते बघा. हेअर ड्रायर मंद ठेवून वीतभर अंतरावरून एका कोपऱ्यावर धरा. वितळून दिसेनासं झालं तर आतली चरबी वर आलीये, मऊ सुती फडक्याने टिपून घ्या. तसंच राहिलं तर बुरशी धरा. मास्क लावून, गच्चीत सावलीला बसून मऊ ब्रशने झाडा.

कळक म्हणजे पितळेतलं तांबं आणि कातड्यातली चरबी यांचा साबण. लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून हलकेच खरवडा. पितळ चमकवायचं पॉलिश नको, त्याची पूड टाक्यांत अडकते. चरबी आत आहे तोवर कळक परत येणारच.

चिंचवडकर
अहो, विटकरी भुकटी हा खरा आजार, बाकी किरकोळ. याला रेड रॉट म्हणतात. झाडाच्या सालीने कमावलेल्या कातड्यात हवेतल्या सल्फर डायऑक्साइडमुळे आम्ल तयार होतं आणि तंतू तुटतात. गेलेलं परत येत नाही, पुढचं थोपवता येतं.

पाण्याचा थेंबही लावू नका. लागेल तिथे कातडं काळं आणि कडक होतं. १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये २ ग्रॅम क्लुसेल जी (सेल्युलोजपासूनची, कातड्याचे तंतू धरून ठेवणारी पूड) चिमूट-चिमूट टाकत ढवळा. एकदम ओतलंत तर गुठळ्या होतील. रात्रभर ठेवून मऊ ब्रशने पातळ हात द्या, वाळला की दुसरा. अल्कोहोल रंग उचलू शकतं, म्हणून पहिला प्रयोग मागच्या बाजूला. झाकणांची उघडझापही थांबवा, पहिली चीर घडीवरच जाते.

कॅम्प_३०३
अस्सलपणाचं. प्रत्येक कप्प्यात पाच-पाच काडतुसांच्या दोन क्लिपा, पूर्ण पट्ट्यात ५०. कप्पा या मापाचा नसेल तर तिथेच थांबा. मागे बाणाच्या ठशाखाली इंग्रजी आय असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. पण ठसा एकट्याने काही सिद्ध करत नाही, तो आजही मारता येतो. कातडं झिजलेलं आणि ठसा कोरा करकरीत, तर संशय घ्या.

कापलेली कड भिंगातून बघा. सालीने कमावलेलं आरपार तपकिरी असतं. आत निळसर-राखाडी दिसलं तर क्रोमचं, म्हणजे बहुधा सिनेमाच्या शूटिंगसाठी बनवलेलं. यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली दोरा निळा-पांढरा चमकला तर शिवण नंतरची. कधीकधी ती नुसती दुरुस्ती असते. बटण अडकवायचं भोक वापराने लांबट झालेलं असायला हवं, नकलेत ते गोल गरगरीत राहतं.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको. कप्प्यांत आम्लरहित टिश्यू भरा, पट्टा खुंटीला न टांगता आडवा ठेवा. पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहू दे.

आणि कप्प्यात एखादं जिवंत काडतूस निघालं तर ते शोभेसाठी ठेवू नका. पट्ट्याला परवाना लागत नाही, काडतुसाला लागतो. न हाताळता पोलीस चौकीला कळवा.

नारायणपेठी
ड्रायरने पांढरं वितळलं, म्हणजे चरबीच. कडही आरपार तपकिरी आहे. क्लुसेल मागवतोय.