कलमी टोमॅटो, स्फुरद (फॉस्फरस) कमी: मुळांना वेळ द्यावा की खत?

नमस्कार मंडळी. इंदूरजवळ सांवेरच्या बाजूला आमची भारी काळी जमीन आहे. परतीच्या पावसात पाणी साचते, म्हणून रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेला टोमॅटो लावला. आता पाने खालून जांभळट झाली आहेत, वाढही थांबली. शेजारचा बिनकलमी टोमॅटो मात्र हिरवागार, त्यामुळे नुसत्या थंडीचे कारण मला पटत नाही.

माती परीक्षणात सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद कमी, जस्त पुरेसे. कलमाचा जोड मातीच्या वर आणि पक्का आहे, मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी नाहीत. गांडूळखत, स्फुरद विरघळवणारे जिवाणू देऊन झाले, फरक नाही. ठिबक आहे. डीएपी या स्फुरदयुक्त खताचा मारा नको, कारण चुनखडीच्या जमिनीत स्फुरद अडकून बसते, शिवाय त्याच्या अतिरेकाने जस्त कमी उचलले जाते.

स्फुरद कमी पडले की मुळे वरच्या थरात पसरतात, केशमुळे वाढवतात, आम्ले सोडतात. पण इथे मुळे वांग्याची आणि त्यांना साखर पुरवणारी पाने टोमॅटोची! अशी जोडी तितकेच जुळवून घेते का? हेच कलम लावलेल्यांनी कृपया सांगावे: फुलकळीपर्यंत थांबू, की आत्ताच ठिबकातून फॉस्फोरिक आम्ल सुरू करू?